पंचवीस मिनिटं दार बंद

जळकोट,
२४ तारीख, मंगळवार

ती. मंजुश्रीताईस,

उज्वलाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? विष्णुपुरीची हवा दाजींना मानवली असेल, असं मी इथं बसून ठरवून टाकलं आहे. फोन सोडून पत्र का, तर माझा फोन आत्याबाईंच्या (म्हणजे आमच्या सासूबाईंच्या) मांडीवर असतो. आणि त्याला कारण तूच.

बाहेरून बी.ए. करतेय, सहा स्वाध्याय तीस तारखेच्या आत लातूरच्या केंद्रावर पोचले नाहीत तर वर्ष वाया, आणि या घरात टेकायला सवड नाही, असं मी तुझ्यापाशी रडले होते. तेव्हा तू म्हणालीस, पंचवीस मिनिटं दार लावून अभ्यास, मग पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस. मी ते घरात सगळ्यांना सांगितलं, ही चूक झाली. आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. नियम म्हटला की त्यांना हुरूप येतो. त्यांनी फोनवर गजर लावायला शिकून घेतलं, दाराशी खुर्ची टाकली आणि तेव्हापासून रोज आठ वेळा पहारा चालू आहे. यांचा (अमरेशरावांचा, आणखी कुणाचा) सदरा आत खुंटीवर होता. अठरा मिनिटं बनियनवर उभे राहिले आणि शाळेत उशिरा पोचले. मुख्याध्यापक हे स्वतःच आहेत म्हणून निभावलं.

मग उदगीरहून चुलत सासरे अण्णाराव लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. आत्याबाई म्हणाल्या, "भावजी, बसा. अजून अकरा मिनिटं हायत. पोरगी अभ्यास करायलीय." बसले बिचारे. गजर झाला, पण माझ्या पाच मिनिटांत भाकरीचं पीठ, दोरीवरचे कपडे आणि यांच्या डब्याची भाजी आधीच नंबर लावून होती, त्यामुळे चहा पुढच्या विश्रांतीवर गेला. (तुझ्या त्या युक्तीत विश्रांतीला पाय पसरून बसायचं असतं ना? इथं अभ्यासात बसते आणि विश्रांतीत घाम गाळते.) अण्णाराव पत्रिका ठेवून बिनचहाचे गेले. आता भावकीत सगळीकडं झालंय, की जळकोटच्या घरी चहा गजरावर मिळतो. मला वाईट वाटलं, पण ते मी पुढच्या पंचवीस मिनिटांत वाटून घेतलं.

असो. दाजींना नमस्कार. गजराला चार मिनिटं राहिलीत.

तुझी,
उज्वला

ता.क. स्वाध्याय मी बारा तारखेलाच शेजारच्या सुकन्याच्या हाती लातूरला धाडले. पोच आली, ती पुस्तकात दडवली. घरात कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून दार लावून मी खिडकीतल्या लिंबाकडं बघत बसते, कधी नुसती आडवी होते. लई बरं वाटतं गं. तर एवढं कर, एम.ए.ला सगळ्यात जास्त स्वाध्याय कशात असतात ते विचारून कळव. विषय कुठलाही चालेल.

आणखी एक. एवढं लिहिलं आणि आत्याबाई आत आल्या. पोच त्यांना गेल्या आठवड्यातच सापडली होती. मी मान खाली घातली. म्हणाल्या, "मी कुणाला सांगत न्हाई, तू बी सांगू नको. दारात बसले की मला बी कुणी ऊठ म्हणत न्हाई." मग बाहेर जाऊन खुर्चीवर बसल्या. एम.ए.ला पंचवीसच्या जागी पंचेचाळीस मिनिटं लागतात का, हे त्यांनी तुला विचारायला सांगितलंय.