बारा फुटांचा उतार

दर्शना गो,

आपल्या शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचं काम मला मिळालं. मी तो गोठ्यासारखा, म्हशी चढतात तसा उभा बांधला. इंजिनेरबाई स्वतः खुर्चीवरच्या. बोलल्या, "मिस्त्री, बसा खुर्चीत, चढून दाखवा." मी अर्ध्यातनंच मागं घसरलो.

मग फूटभर उंचीला बारा फूट लांबी धरून परत बांधला. काल बाई एकट्या, कुणाचा हात न धरता, पाणी उताराला लागावं तशा सहज वर गेल्या. मी थापी धरून बघतच रायलो.

तुला चालता येत नाय म्हणून शाळेच्या त्याच पायऱ्या दहा वर्सं तुला पाठीवर घेऊन चढलो, गावभर मिरवलो. पाठीवर तू डोळे का मिटायचीस, कधी इचारलं नाय.

हे पत्र मुंबईला धाडायला तोंड नाय. पण उतार हाय गो.

तुझा,
अनिलदादा