जूनमधली स्ट्रॉबेरी

मस्कत
शुक्रवार, २६ डिसेंबर २०२५

आदरणीय मनुअक्कांना,

विजयमालाचा वाकून नमस्कार. मामंजींना आणि थोरल्या भाऊजींनाही सांगा. इकडे आम्ही तिघं धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्याचं तेवढं खरं कळवा. फोनवर तुम्ही "बरा हाय" एवढंच म्हणता आणि मागून शिवतेज ओरडतो, की जिना उतरताना आई भिंत धरती.

दर वर्षी डिसेंबर सरताना मी तुम्हाला वर्षाचं पत्र लिहिते. हे अकरावं. पहिल्या वर्षी फोन लागायचा नाही म्हणून लिहिलं, पुढे सवय झाली. आता फोन लागतो, पण आपल्या घरातला फोन कायम स्पीकरवर. मामंजींपासून ताक मागायला आलेल्या बायकांपर्यंत सगळ्या गल्लीला माझी खुशाली कळते. म्हणून यंदाचं पत्र पोस्टानंसुद्धा पाठवत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर पलूसचा अजीम राहतो, वायरमन आहे, माझ्या माहेरचा, तरी मला वहिनी म्हणतो. तो रविवारी महिनाभराच्या सुट्टीवर निघाला आहे. त्याला बजावून ठेवलंय, वडूजला जाऊन पत्र मनुअक्कांच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

शिवतेजबद्दल एक विचारायचं आहे. जूनपासून विचारायचं आहे. ते शेवटी विचारते, आधी वर्ष सांगून घेते, नाहीतर हात चालायचा नाही.

माझी नोकरी तीच, शाळेच्या बसमधली. बेचाळीस पोरं. चढताना मोजायची, उतरताना मोजायची, दुपारी परत तेच. मार्चमध्ये एकदा एकेचाळीसच भरली. तीनदा मोजली तरी एकेचाळीस. शेवटी एक मुलगा मागच्या सीटखालून निघाला, पडलेला खोडरबर शोधत होता. ड्रायव्हर म्हणाला, एवढं काय झालं रडायला, सापडला ना. मी म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं.

रेश्मा तिसरीत गेली. पुढचे दोन दात पडून नवे आले, ते जरा मोठेच आले आहेत, तुमच्या दिरांवर गेलेत. मराठी बोलते पण पुस्तकातल्यासारखी. "मी भाकरी खाऊ इच्छित नाही" म्हणते. तुमच्या दिरांचं पोट सुटलं आहे, साखर थोडी वाढली आहे, आणि मी काही बोलले की बाल्कनीत जाऊन फोन बघत बसतात. उन्हाळा यंदा फार झाला. नळाचं गार पाणीसुद्धा कढत यायचं.

रेश्मानं जूनमध्ये परत येताना विमानात मला विचारलं, "दादा आपला आहे की मोठ्या आईचा?" मी तिला खिडकीतून ढग दाखवले.

मध्येच उठून कुकर बंद करून आले. बंदच होता.

जूनवर आता यायलाच हवं. नमनाला घडाभर तेल झालं. आम्ही तीस मेला आलो आणि वीस जूनला निघालो. चार जूनला सकाळी मी तुम्हाला म्हणाले, शिवतेजला पाचगणीला नेऊन आणते, स्ट्रॉबेरी खायची म्हणतोय. तुम्ही भाकरी थापत होता. मान वर न करता म्हणालात, "वर धुकं आसंल. पोराला स्वेटर घ्या." आणि चार दशम्या नि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिलीत.

अक्का, आम्ही पाचगणीला गेलोच नाही. साताऱ्याला उतरलो आणि पासपोर्टच्या कचेरीत गेलो. शिवतेजचा पासपोर्ट काढायला. तुमच्या दिरांची सही मी मस्कतहूनच कागदावर घेऊन आले होते, जन्मदाखलाही, म्हणजे हे काही ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. आठ-दहा दिवसांत पासपोर्ट घरी येईल, तो मी गुपचूप बॅगेत घालीन, व्हिसा झाला की हे येऊन पोराला घेऊन जातील, असा बेत होता. तुम्हाला कधी सांगायचं, ते बेतात नव्हतंच.

रांगेत शिवतेजनं विचारलं, "मम्मी, आईला सांगितलंय का?" मी म्हणाले, नंतर सांगू. तो "बरं" म्हणाला. फोटोच्या वेळी त्याला म्हणाले, हसू नको. ते सांगायची गरज नव्हती. परतीच्या एसटीत पुसेगावपर्यंत तो बाहेर बघत बसला. आईला बोलू नको, असं मी त्याला सांगितलं नाही. तेवढं पाप तरी केलं नाही, असं स्वतःला पुष्कळदा समजावलंय. पण सांगावं लागलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे खरं.

साताऱ्याच्या स्टँडजवळ पुरावा म्हणून स्ट्रॉबेरी जामच्या दोन बाटल्या घेतल्या. तुम्ही एक उघडून बोटानं चाखलीत, म्हणालात, "ग्वाड हाय," आणि फडताळात ठेवून दिल्यात.

माझी थाप किती कच्ची होती ते मला ऑगस्टात कळलं. गावाकडच्या गप्पा चालल्या होत्या, मी सवयीनं अजीमलाही तेच सांगितलं, की जूनमध्ये आम्ही पाचगणीला जाऊन स्ट्रॉबेरी खाल्ली. तो हसायलाच लागला. "वहिनी, जूनमधी कुठली आली स्ट्रॉबेरी? एप्रिलातच बहार सरतोय. जूनमधी तितं निस्ता चिखूल." इथल्या मॉलमध्ये बारा महिने मिळते, अक्का. दहा वर्षांत मी आपल्याकडचे हंगाम विसरले. तुम्ही कशा विसराल? म्हणजे स्वेटर घ्या म्हणालात तेव्हाच तुम्ही ओळखलं होतंत, आणि तरी दशम्या बांधल्यात.

पासपोर्ट आमच्या निघण्यापर्यंत आला नाही. सत्तावीस जूनला मोबाइलवर दाखवलं, घरी पोचला. कुणाच्या हातात, ते त्यात लिहीत नाहीत. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुम्ही फोनवर पावसाचं बोलायचात, घेवड्याचं बोलायचात, म्हैस आटली ते बोलायचात, आणि मी आपली तुमच्या आवाजात काही निराळं लागतंय का ते शोधत बसायची. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही "बाकी काय?" म्हणालात की मी घाईनं रेश्माच्या हातात फोन द्यायची. विचारावं तर चोरी कबूल करावी लागणार. न विचारावं तर कागद तिकडे आणि मी इकडे. कपाटं आवरून झाली, पडदे धुऊन झाले, बसमध्ये पोरं मोजताना आकडा मध्येच विसरायला लागले.

दिवाळीत पाडव्याच्या दिवशी तुम्ही ओवाळायच्या तयारीत होता, तेव्हा शिवतेजनं फोन उचलला. स्पीकर बंद करून स्लॅबवर गेला. मला म्हणाला, "मम्मी, ते पासपोर्टचं पुस्तक आलंय. जूनमधीच. मीच सही करून घेतलं आन् आईला दिलं."

मी विचारलं, कुठे आहे?

"देव्हाऱ्यात. आई रोज हळदकुकू लावती त्याला. मी म्हणलं, आतल्या फोटूवर लागंल, मग विमानवाली वळखायची न्हाईत मला. तवापासनं वरच्या पुठ्ठ्यालाच लावती."

मला हसू आलं. पुढचं त्यानंच सांगितलं, "आई म्हणली, तुझ्या मम्मीनं इचारलं की द्यायचा. न इचारता न्हाई."

मग मी त्याला विचारलं, तुला यायचं आहे का. खाली कुणीतरी फटाके लावत होतं. शेवटी म्हणाला, "मला समुद्र बघायचाय." आणि थोड्या वेळानं, "बघून परत यायचंय."

तर तुम्ही सरळ दार उघडून ठेवलंत, आणि त्यालाही दोन महिने झाले. हे रोज म्हणतात, "आपलं पोर हाय. इचार की. त्यात एवढं काय घोडं आडलंय?" घोडं कुठे अडलंय ते फक्त मला ठाऊक आहे. तेच आता लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आत्याबाई गेल्या, तेव्हा धाकटी सून म्हणून दिवसकार्याला मी आले होते. परड्यात भांडी घासताना तुम्ही मला विचारलं होतंत, "विजे, शिवबाला माझ्या वटीत घातला, तवा आत्याबाईंनी तुला आदुगर काय सांगितलंवतं का?" मी म्हणाले, नाही अक्का, प्रवासाला निघताना रीत असते म्हणून घातला. तुम्ही राखेनं तपेलं घासत राहिलात.

खोटं बोलले. आत्याबाईंनी सांगितलं होतं. मी मस्कतला निघायच्या आदल्या दुपारी, सोप्यात शेंगा फोडताना. त्यांचे शब्द मला असेच्या असे आठवतात. "विजे, मनीची दोन गेली. दोन्ही बी आठवड्याच्या आत. तिच्या वटीत पोर घालायचं आसंल तर मनापासनं घाल. सांभाळाय ठिवतीया आसं म्हणून घालू नगंस. दिलं म्हंजे दिलं. न्हाईतर तिसरं उचलून न्यायला देव न्हाई यायचा, तूच यायचीस." मी त्यांना "व्हय" म्हणाले. एकदा नाही, दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाटावर बसलात, पदर पसरलात. मी तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला आणि तीन वर्षांचा शिवतेज घातला. पुरुषमाणसं बाहेर जीपमध्ये बॅगा चढवत होती, त्यांनी काही पाहिलं नाही. तुमचा चेहरा मी पाहिला. आणि तो पाहूनही जीपमध्ये बसेपर्यंत मी मनात ठरवून टाकलं, की हे नुसतं सांभाळायला ठेवणं आहे. मला जायचं होतं, अक्का. नवरा परमुलखात, घर एका खोलीचं, तेव्हा पोराला नेण्यासारखं नव्हतं, हे सगळं खरंच. पण मला जायचं होतं हे त्याहून खरं. तुमच्या दिरांना सांगितलं, दोन वर्षं ठेवलाय. इथल्या बायकांना सांगितलं, शाळेसाठी ठेवलाय. तुम्हाला सांगितलं, रीत होती. ज्याला जे चालेल ते सांगितलं.

तेव्हापासून तो तुम्हाला आई म्हणतो आणि मला मम्मी. लोकांना वाटतं दोन्हीचा अर्थ एकच.

गेल्या महिन्यात मी हे सगळं तुमच्या दिरांना सांगितलं. ते जेवत होते. हात तसाच ताटात राहिला. म्हणाले, "आईनं मला कधी बोलून दावलं न्हाई." त्यांनी एप्रिलसाठी इथल्या शाळेचा प्रवेशाचा फॉर्म आणून ठेवला होता. तो फ्रिजवर पडून आहे. भरा असंही म्हणत नाहीत आणि फाडतही नाहीत. मीही हात लावत नाही. त्याच्यावर धूळ बसली की पुसते.

आता विचारते.

पोर मी दिलं होतं, ठेवलं नव्हतं. हे माझ्या हातचं लिहिलेलं तुमच्याजवळ असू दे. आत्याबाई नाहीत, दुसरा साक्षीदार कुणी नाही, म्हणून मीच लिहून देते. हक्क सांगत नाही. कायदा काय म्हणतो ते मला कुणी सांगू नये, मी "व्हय" म्हणाले होते.

पण तो समुद्र बघायचा म्हणाला. मे महिन्यात त्याची शाळा बंद असते. एक मेला तुमचे दीर न्यायला येतील. दहा जूनला मी स्वतः आणून तुमच्या उंबऱ्यात सोडीन. आणून सोडीन का? सोडीन. हे लिहितानाही माझा माझ्यावर पुरता भरवसा नाही, जून महिन्यात मी काय केलं ते आपण दोघींनी पाहिलं आहे. म्हणून तर फोनवर बोलले नाही, कागदावर लिहिते. शब्द फिरवला तर हा कागद भावकीत वाचून दाखवा, अगदी स्पीकरवर.

नाही म्हणालात तर ऐकेन. राग येणार नाही असं म्हणत नाही. येईल, रडेन, तुमच्या दिरांशी भांडेन, आठ दिवस तुम्हाला फोन करणार नाही. पण ऐकेन. अजीम जानेवारीअखेर परत येईल, जे काय असेल ते त्याच्याजवळ चिठ्ठीत द्या. दोन ओळी चालतील.

अक्का, माझ्या पोटचं पोर मी तुमच्याकडे चाळीस दिवसांसाठी उसनं मागते आहे. द्याल का?

उत्तर कुठलंही आलं तरी तुमचीच धाकटी जाऊ,
विजयमाला