आईच्या वाटणीचं ऊन

श्रीवर्धन,
४ मार्च १९५८

प्रिय सदा,

तुझं पत्र पोचलं. व्याह्यांची माफी मागा, ही तू मामाला केलेली आज्ञा तीनदा वाचली. अक्षर सुधारलंय. मजकुरासाठी मात्र, माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता.

लग्नाचा मांडव सोळा दिवसांच्या आत मोडला, हे खरं. का मोडला ते आता ऐक. विहिरीवर घसरून तुझी आई कमरेखाली लुळी पडली त्याला दीड वर्ष झालं. सतत उताणं पडून पडून माकडहाडापाशी वाटीएवढी जखम झाली. मुंबईच्या इस्पितळांत अशा जखमेवर जांभळ्या किरणांचा दिवा धरतात म्हणे. आपल्याकडे वीज नाही, म्हणून डॉक्टरांनी सकाळचं ऊन सांगितलं: पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग वाढवत वीस. शिवाय दर दोन तासांनी कूस बदलायची. शेजारच्या नीराबाई आधी "बाईमाणसाची पाठ अशी अंगणात?" म्हणून नाक मुरडून गेल्या, आणि मग कूस बदलायला रोज त्याच येऊ लागल्या. मी धोतराचा आडोसा बांधून, घड्याळ हातात घेऊन पाठमोरा बसायचो. तीन महिन्यांत जखम सुपारीएवढी झाली.

मग तुझं लग्न निघालं. सगळ्या अंगणावर मांडवाचे, नारळाच्या झावळ्यांचे झाप चढले. वर तू म्हणालास, "पाहुण्यांत वास नको, मामा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि आईला मागच्या काळोख्या खोलीत हलवलंस. माझी ताई, तुझी आई, लगेच म्हणाली, "मलाच आत बरं वाटतं." तुला ते खरं वाटलं. सोयीचं होतं ना! तिसऱ्या दिवशी रजा संपली म्हणून तू मुंबईला गेलास. नीराबाई लेकीच्या बाळंतपणाला माणगावला गेल्या. मांडव घालणाऱ्या बुधाजीला म्हटलं, एवढा कोपरा उघड. तो म्हणाला, "मास्तर, सोळाव्या दिशी मांडव परतल्याबिगर झाप काढायचा न्हाय. जोडप्याला वंगाळ."

सूर्याची बारा नावं मी मुलांकडून घोकून घेतो. बाराही एकदम म्हटली तरी त्या खोलीत उजेड पडत नाही. तरी मी शहाणा नऊ दिवस रूढी सांभाळत बसलो. नवव्या दिवशी पट्टी सोडली तर जखम पुन्हा वाटीएवढी, आणि खोल. कडा काळ्या. रागाचा अर्धा वाटा माझा आहे, तो घरी ठेवून घेतलाय. उरलेला टपालाने पाठवतोय.

मांडव मी मोडला असं गावभर सांगितलं, तेही अर्धंच खरं. त्या सकाळी पट्टी सोडताना तुझी राही शेजारी होती. ती बाहेर आली, पदर खोचला, हिरव्या चुड्यासकट बाकावर चढली आणि पहिला झाप तिनेच ओढला. म्हणाली, "वाईट व्हायचं ते माझं होऊ दे, मामा. आईंना बाहेर आणा." माहेरून बोल लागेल म्हणून मीच तिला गप्प बसवलं होतं. तुझं पत्र वाचून मात्र तिनेच सांगितलं, खरं लिहा. तेव्हा माफी कोणी कोणाची मागायची ते आता तू ठरव. आणि तू लिहितोस तशी तिला गुरुवारच्या एस.टी.त बसवणार नाही. कूस बदलायला दोघं लागतात. जखम भरेपर्यंत इथून हलणार नाही म्हणते. बायको हवी असेल तर रजा काढ आणि ये. सकाळी आठला अंगणात ऊन येतं. त्या वेळी आईच्या पाठीशी बस आणि पट्टी तू सोड. दीड वर्षात ती जखम तू एकदाही पाहिलेली नाहीस.

रागावलेला, तरी तुझाच,
मामा