गाणारे बाजूला उभे होते

बाई, तुमचा टीव्ही अजून चालतो. डबा आहे नुसता, उचलायला दोन माणसं लागतात, लावला की आधी हिरवा पडतो आणि मग हळूहळू माणसात येतो, पण चालतो. त्याच्याखालचं तबकड्यांचं मशीनही चालतं. नात म्हणते, आजी, हे भंगारात देऊन टाक. मी म्हटलं, आधी मला दे भंगारात, मग त्याला दे. तेव्हापासून तिने विषय काढला नाही. मशीन अधूनमधून फिरवलं नाही तर अडकतं, म्हणून आज दुपारी मेथी निवडायला बसले तेव्हा तुमचं ते नावाड्याच्या पोरीचं नाटक लावलं. आणि तुमची आठवण आली. आठवण म्हणजे काय, रागच आला. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि ते लोक अजून माझ्या घरात मरतात. तेही झटकन मरत नाहीत. भिंतीत चिणल्यावरही अर्धा तास गातात. आमच्याकडे माणूस असा मेला असता तर खांदा द्यायला आलेले लोक परत गेले असते.

तुमच्याकडे मी स्वयंपाकाला आले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी काय काय केलं ते कुठल्या कामात धरायचं हे मला आजवर कळलं नाही. पेठ तालुक्याकडची बाई मी, चार इयत्ता शिकलेली, नवरा बांधकामावर असताना नाशकात आले, तो गेला आणि मी राहिले. गंगापूर रोडला तेव्हा तुमच्यासारखे बंगले बरेच होते. आता तिथे बिल्डिंगी आहेत. तुमच्या घरात सकाळपासून गाणं. साहेब असताना तुम्ही दोघं परदेशात राहून आलात, तिथून कुणी ताप घेऊन यावा तसं हे घेऊन आलात. मी विचारलं, हे कसलं बोंबलणं, तर तुम्ही शाळेतल्यासारखं समजावलंत. ऑपेरा म्हणतात, आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त यात बोलणं नाही, सगळं गाऊनच. म्हटलं, मीठ मागायचं तरी? म्हणालात, मीठ मागायचं तरी. मग भाजी आळणीच खात असतील बिचारे, मी म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं, तुमचं हसू सहज बाहेर पडत नव्हतं.

जन्मभर तुम्ही ते नुसतं रेकॉर्डवर ऐकलंत. बघायला मिळालं नाही याची हळहळ होती. मुलगा जर्मनीला गेला, तिथून त्याने व्हिडिओ कॅसेटी धाडायला सुरुवात केली, आणि नेमकी त्याच सुमाराला तुमच्या डोळ्यांनी दुकान आवरायला घेतलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाला, गेलं ते येणार नाही, आहे ते सांभाळा. सांभाळायला तरी काय होतं, कडेकडेचं सगळं गेलेलं आणि मधे दाराच्या फटीएवढं उरलेलं.

एक दुपार मला स्वच्छ दिसते. तुम्ही टीव्हीला नाक लावून बसलाय आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तुम्ही विचारता, आता कोण आलं? मी म्हणते, एक जाडी बाई. काय नेसलीय? हिरवं काहीतरी. हातात? हातात काही नाही, पण माझं दूध गॅसवर आहे. तुम्ही म्हणता, दूध जाऊ दे. दूध गेलं, ओटा मीच पुसला. दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची तुमच्या खुर्चीशेजारी आली. तुम्ही ऐकायचं आणि मी बघायचं, अशी वाटणी झाली.

आणि तुम्ही मला एकदाच बोललात, पण ते लागलं. मी म्हटलं होतं, ही पोर लबाड दिसते. तुम्ही पटकन म्हणालात, "तुला काय वाटतं ते मी विचारलं नाही. काय दिसतं ते सांग. वाटायचं माझं मी बघेन." मी चिडले. मग दोन-चार दिवस मी तुम्हाला तसंच वाढलं. खुर्ची आहे. खुर्चीवर माणूस आहे. खुर्ची लाकडाची, माणूसही लाकडाचाच. तुम्ही तेही ऐकून घेतलंत. पण खरं सांगते, त्या बोलण्याने माझी नजर सुधारली. बाजारात गेले तरी वांग्याचा देठ आधी दिसायला लागला.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. तुमचा मुलगा दर रविवारी फोन करायचा. पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात त्याने चौकशी करून ठेवली होती. आईला एकटीला जमेनासं झालं की घर विकायचं आणि तिला तिथे ठेवायचं, हे त्याने तुमच्या तोंडावर सांगितलेलं. वाईट नव्हता तो. लांब होता, आणि लांबच्या माणसाला भीती फार. दिसत नाही हे त्याला कळता कामा नये, एवढंच तुम्ही मला म्हणालात. मी म्हटलं, मग सांगू नका. तुम्ही म्हणालात, "अगं, तो तब्येतीचं विचारत नाही, नाटकाचं विचारतो. तिथेच पकडेल." म्हणून मी बघायचं, तुम्ही मनात भरून घ्यायचं आणि रविवारी त्याला परत सांगायचं. बाकी घरात तुम्हाला काही अडत नव्हतं. चहाची पूड कुठे, पायरी कुठे मोडलीय, तुळशीला पाणी किती, सगळं हाताला ठाऊक. आपल्या घरात कोणी आंधळं नसतं. बाहेर काढलं की होतं.

त्यात तुमचं ते एकच नाटक, नावाड्याच्या पोरीचं. साहेबांचं आवडतं म्हणून मुलगा त्याचेच नवे नवे खेळ शोधून धाडायचा. भाऊ राजाच्या घरी चोरी करतो, पोर आळ स्वतःवर घेते, राजा तिला भिंतीत चिणायचा हुकूम देतो, आणि बाप नाव घेऊन येतो तो उशिरा. गोष्ट तीच, गाणं तेच, शब्द तेच. पण दर वेळी करणाऱ्याला नवा झटका. पहिल्या कॅसेटीत सगळं जिथल्या तिथे होतं, राजवाडा, मुकुट, रंगवलेली नदी. ते सांगायला मला त्रास पडला नाही. दुसरीत राजा कोट-पँट घालून टेबलाशी बसलेला आणि नदीच्या जागी लोखंडी खाटा, दवाखान्यात असतात तशा, वर पांढऱ्या चादरी. मी म्हटलं, बाई, नदी नाही, वॉर्ड आहे. तुम्ही थोडा वेळ ऐकत राहिलात आणि म्हणालात, चादरी हलतात का? मी नीट बघितलं. हलत होत्या. तुम्ही म्हणालात, मग नदीच आहे. त्या दिवशी मला वाटलं, दिसतं कुणाला आणि कळतं कुणाला. मधेच तुम्ही म्हणायचात, अगं, कधीतरी ऐक पण. मी म्हणायचे, एका वेळी एक काम सांगा. मला कुठे ऐकायला फुरसत होती. डोळे तुमच्या कामाला लावलेले आणि कान कुकरकडे.

मग तबकड्या निघाल्या. मुलाने मशीन धाडलं आणि त्याबरोबर त्याच नाटकाचा आणखी एक खेळ. त्या दुपारी मी जीव ओतून सांगितलं, हे तुम्हीही मान्य कराल. मुखवटे आहेत, म्हटलं. पोरीचा पांढरा, बापाचा तांबडा, राजाचा खांद्याएवढा मोठा. पाय अनवाणी. नदी म्हणजे लोकांनी हातात धरलेले जोडे, एकाकडून दुसऱ्याकडे जातात. जोड्यांचं ऐकून तुम्ही खूश झालात. शेवटी भिंत कशाची केली, त्यांनी दिवे कसे विझवले, सगळं सांगितलं. थकून गेले होते मी. एकच गोष्ट सांगितली नाही, आणि ती लपवली असं नाही, सांगण्यासारखी आहे हेच डोक्यात आलं नाही. मुखवटेवाले नुसते नाचत होते. गाणारे काळे कपडे घालून बाजूला उभे होते. आता लग्नात बँडवाले कुठे उभे होते हे घरी येऊन कोण सांगतं?

रविवारी फोन आला. मी भाकरी थापत होते, दार उघडं होतं, तुमचं बोलणं ऐकू येत होतं. जोड्यांच्या नदीचं तुम्ही फार छान सांगितलंत. मग म्हणालात, "आणि ती पोर काय गाते रे. एवढा मुखवटा तोंडावर, तरी आवाज किती मोकळा." पलीकडून बराच वेळ तो काहीतरी बोलत होता. मग तुम्ही म्हणालात, ठेवते, आमटी उतू जातेय, आणि फोन ठेवलात. शेगडीवर आमटी नव्हती, तवा होता. तुम्ही मला हाक मारून शांतपणे सांगितलंत, मुखवटा घातलेली पोर गात नाही, गाणारी वेगळी उभी आहे, सगळ्या खेळात नवं काय तर तेच, तिकडे पेपरातसुद्धा त्याच्यावर भांडणं झाली. "मोठीच गोष्ट सुटली तुझ्याकडून." एवढंच बोललात. मी म्हटलं, त्यात मोठं काय आहे? मला खरंच कळलं नव्हतं. तुम्हाला वाटलं मी उलट बोलते.

तो महिन्याच्या आत आला. पाया पडला, चहा घेतला आणि तबकडीचा डबा तुमच्यासमोर धरून म्हणाला, "आई, यावर चित्र कसलं आहे?" तुम्ही म्हणालात, "तू पाठवलंस, तूच सांग." मला हसू आलं. तो रडला हो, बाई. तुम्हाला दिसलं नाही आणि तेव्हा मी सांगितलं नाही. नाक पुसून म्हणाला, मावशी, तुम्ही इतकं केलंत, पण आता ही जबाबदारी तुमच्यावर टाकणं बरोबर नाही. मी विचारलं, "दादा, तिथे यांना दाखवायला कोण आहे?" तो म्हणाला, मावशी, तिथे चोवीस तास नर्स असते. "नर्स बीपी बघेल. नाटक कोण बघेल?" त्याच्याकडे परतीचं विमानाचं तिकीट होतं, सुट्टी संपत आली होती. असल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो. तुम्ही मला हाताने थांबवलंत. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुम्हीही दमला होतात.

पुण्याला त्या आश्रमात मी एकदाच आले. एसटी संगमनेरला रखडली, पाय सुजले, वर तिथल्या बाईने तासभर बाकावर बसवून ठेवलं. तुम्ही खिडकीपाशी होतात, स्वच्छ, वेणी घातलेल्या, आणि स्वतःच्या कॉटपासून दारापर्यंत जायला भिंत चाचपत होतात. सगळ्यांचा मिळून एक टीव्ही, त्यावर सासवा-सुनांच्या मालिका. मी आणलेली नागलीची भाकरी तुम्ही चतकोर खाल्लीत आणि म्हणालात, काहीतरी सांग. म्हटलं, काय सांगू, मशीन कुठे आहे इथे? म्हणालात, तुझ्याकडचं सांग. मग मी आमच्या गावचा बोहडा सांगितला, मुखवटे घालून सोंगं नाचवतात तो. कधी कुणाला सांगितला नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं. होळी झाल्यावर चैत्रात कधीतरी होतो. आधी गणपतीचं सोंग येतं, मग शारदा येते, मग एकेक देव आणि राक्षस. ज्या घराचं सोंग त्या घरानेच नाचवायचं. आमच्या घराकडे त्राटिका होती, माझा बाप नाचवायचा. मुखवटा चढला की आम्ही पोरांनी त्याला बाबा म्हणून हाक मारायची नाही, तो तेव्हा बाबा नसायचा. संबळ वाजतो, टेंभे धरतात, आणि त्राटिका अशी झुलत येते की बायका पोरांना मागे ओढतात.

तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग विचारलंत, "आणि तुझे वडील गायचे काय?"

म्हटलं, "मुखवटा घातल्यावर कोण गातं, बाई? मुखवटेवाला मुकाच. गाणारे बाजूला उभे असतात."

तुम्ही तोंडावर पदर धरलात. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताय, पण तुम्ही हसत होतात. खोकला लागेपर्यंत हसलात, नर्स धावत आली. पाणी प्यायलात आणि माझा हात चाचपून धरून म्हणालात, "हे आधी सांगायचंस ना गं." मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात, दिसतं तेवढंच सांग. तुम्ही म्हणालात, हो, ती माझी चूक.

पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. घर विकताना मुलाने टीव्ही, मशीन आणि तबकड्यांचं खोकं टेम्पोत घालून माझ्याकडे धाडलं. शेजारणी म्हणाल्या, चांदीचं काही नाही का दिलं? म्हटलं, त्यांच्याकडे चांदी असती तर मी पुसली असती, मला ठाऊक असतं.

नातीने विचारलं, आजी, कुणाला लिहितेस एवढं, पाकीट आणू का? नको म्हटलं. तुम्ही असता तरी तुम्हाला वाचता आलं नसतं, वाचून दाखवायला मीच लागले असते, आणि समोर बसून एवढं मी बोलले नसते. तेव्हा राहू दे. एक मात्र दुरुस्त करते. मशीन अडकतं म्हणून लावते, असं वर लिहिलंय, ते खरं नाही. ते कधी अडकलेलं नाही. मी टीव्हीकडे पाठ करून बसते आणि भाजी निवडते. आता मला बघायचं काम नाही. ती पोर चांगली गाते, बाई.