म्हातारीचं झाड

४ मे
म्हातारी गेली! पायवाटेच्या वळणावरच्या झाडावरून मुळांसकट ओरबाडून नेली. साल सोललेली, फुलं खाली तुडवलेली. दादा आणि मी लहानपणापासून दर उन्हाळ्यात रानफुलं शोधत हीच वाट तुडवतो. या रानातलं सगळ्यात जुनं ऑर्किड आम्हीच हुडकलं, 'म्हातारी' हे नावही आम्हीच ठेवलं. दादा म्हणाला, शोधू. मी म्हटलं, शोधून त्याचे हात तोडीन. तो हसला. मी नाही हसले.

९ मे
चोर सापडला — म्हणजे सापडून सुटला. तोंडाला फडकं, हातात कोयता, ऑर्किडसाठी अख्खी फांदीच तोडत होता. मी मागून केस धरले. त्याने कोयत्याच्या मुठीने माझा दात पाडला. मी त्याच्या अंगठ्याचा असा चावा घेतला की हाड लागलं. पळाला मेला! दादाने माझं तोंड धुतलं.

१० मे
ओठ सुजलाय. तरी बरं वाटतंय.

१२ मे
माळ्यावर रानडुकरांसाठीचा जुना लोखंडी सापळा होता. तेल घातलं. काठी घालून पाहिली — काडकन दोन तुकडे. म्हातारीच्या झाडाखाली पाल्यात लपवून आले. वर तिचं एक पिल्लू उरलंय, त्यासाठी तो येईलच. दादाला सांगितलं नाही. त्याने अडवलं असतं.

१४ मे
सापळ्यात दादा.
किंकाळी ऐकून धावले. नडगीचं हाड बाहेर आलेलं. पिशवी उलटी पडली होती — कात्री, सुतळी, ओलं शेवाळ, आणि त्यात गुंडाळलेली म्हातारी! घरचाच भेदी! तो काहीतरी सांगू पाहत होता. मी आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग सापळा उघडला.

१५ मे
पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वहिनीचा फोन घेतला नाही. हॉस्पिटलात जाणार नाही. करावं तसं भरावं.

१६ मे
वहिनी आली. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "रोपवाटिकेवाल्याच्या अंगठ्याला पट्टी दिसली, तेव्हा ह्यांनी त्याला बदडून म्हातारी परत आणली. तुला सांगू नको म्हणाले. आधी ती झाडाला जागच्या जागी बांधायची, मग तुझे डोळे झाकून तुला तिथे न्यायचं, असं ठरवलं होतं."
सुतळी तर मी तिथेच पाहिली होती. चोर सुतळी कशाला नेईल?