हे अक्षर कुणाचं

बाई, तुमचंच चुकलं, हे मी आजही म्हणणार. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना कुणी शिकवतं का? सुट्टी म्हणजे सुट्टी. आम्ही विहिरीत उड्या मारल्या असत्या, बाजारात क्रेट उचलून चार पैसे मिळवले असते, आणि जून लागला की सगळं विसरून गेलो असतो. तुम्ही ते होऊ दिलं नाही. भर दुपारी बुद्धविहाराच्या सावलीत बसवून आम्हाला वाचायची चटक लावलीत. शाळा मला झेपली नाही, आठवीतच सोडली. ते तुम्हाला बघावं लागलं नाही. चटक मात्र राहिली, आणि आता ती माझ्या धाकट्या बहिणीला लागलीये, म्हणून हे भांडण पुन्हा काढतोय.

मी सध्या तिरुपूरला आहे, बनियनच्या कारखान्यात, पॅकिंगला. अंबडला टिकलो नाही, सुरतेला टिकलो नाही, इथंही पाय शिवशिवतातच. इथं दुकानाच्या पाटीपासून बसच्या फळीपर्यंत सगळं तमिळ, एक अक्षर लागत नाही. तुमचा विद्यार्थी इथं अंगठेबहाद्दर आहे. खोलीतला बिहारी पोरगा विचारतो, "मोबाइल में क्या पढ़ता रहता है रे?" मी बहिणीनं पाठवलेले फोटो वाचत असतो. बारावी झाली तिची. यंदा मे महिन्यात वस्तीतली पोरं गोळा करून तिनं तुमचंच सगळं सुरू केलंय. द्राक्षाच्या खोक्यांचे पुठ्ठे उलटे करून त्यावर पोरं बातम्या लिहितात, आणि रविवारी तो पेपर विहाराच्या भिंतीवर लागतो. अक्षरही तेच, तुमचं, गोल आणि जरा मागं झुकलेलं. तुम्ही आम्हाला गिरवायला लावलंत, मी तिला लावलं, आता तिची पोरं गिरवतात.

तुमचा नियम होता, येताना एक शब्द आणायचा, पुस्तकातला नको, कामावरचा. आई तेव्हा कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची, म्हणून मी 'गोल्टी' आणला, म्हणजे बारीक कांदा. तुम्ही तो फळ्यावर लिहिता आणि म्हणता, "हा शब्द जो कुणी माणसाला लावेल तो मार खाईल." झालं, सगळे वळून वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोराकडं बघतात, आणि पहिला तोच खो खो हसतो. सटाण्याकडची एक पोरगी मामाकडं आली होती, तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आहे'च्या जागी 'शे'. आम्ही 'काय शे, काय शे' करून तिला रडकुंडीला आणलं. तुम्ही ओरडला नाहीत. तिला पुढं बसवलंत आणि म्हणालात, "आज सगळ्यांनी हिच्या बोलीत लिहायचं." कुणाला दोन ओळी जमेनात. ती मात्र कमरेवर हात ठेवून आमचं तपासत फिरली. अशी मजा मला पुढं कुठल्या नोकरीत आली नाही, पगाराच्या दिवशीसुद्धा नाही.

मग तो टँकर. आमच्या वस्तीचं पाणी आलं नव्हतं, म्हणून मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'या आठवड्यात पाणी आलं नाही.' तुम्ही ते सगळ्यांसमोर खोडलंत. "आलं नाही हे घराघरात माहीत आहे. मग गेलं कुठं? बघून ये आणि मग लिही." मला राग आला. रागातच दुसऱ्या दिवशी सायकल टँकरच्या मागं घातली. टँकर वरच्या द्राक्षाच्या मळ्यात शिरला आणि मालकाच्या शेततळ्यात रिकामा झाला. मी पाहिलं तसं लिहिलं. रविवारी मळ्याचा मालक स्वतः मोटारसायकलवर आला. गाडी चालूच ठेवून त्यानं अख्खा पुठ्ठा मोठ्यानं वाचला, मजा घेत, थांबत थांबत. मग म्हणाला, "अक्षर लय भारी हाय. कुणाचंय?" मी तुमच्या मागं उभा होतो. तुम्ही म्हणालात, "माझं." तो हसला. नमस्कार करून गेला. मला अजून वाटतं, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या पावसाळ्यात, पिंपळगावला जाताना, हायवे ओलांडताना तुमच्या स्कूटीला टेम्पोनं उडवलं. अपघात झाला असं सगळे म्हणाले, अपघातच असेल. बाई, एवढ्या पोरांना तुम्ही वाचायला शिकवलंत आणि त्या टेम्पोचा नंबर वाचायला तिथं एकजण नव्हता. हे मी कुणाला बोललो नाही. कुणाला बोलणार?

गेल्या रविवारचा फोटो आला तेव्हा मी पॅकिंगच्या टेबलावर होतो. कुणा पोरानं लिहिलं होतं, 'टँकर आमच्या गल्लीकडं बघून हॉर्न वाजवतो आणि वर जातो. वर वेलींना तहान लागली आहे. आम्हालाही लागली आहे, पण आम्ही वेल नाही.' मी मोठ्यानं हसलो. सुपरवायझरनं बघितलं तरी हसलो. तुम्हीसुद्धा खोडलं नसतंत.

संध्याकाळी आईचा फोन. तो मळ्याचा मालक आला होता, आता पांढऱ्या गाडीतून. गाडीतून उतरला नाही, नुसती काच खाली केली. "अक्षर छान हाय पोरी. वळखीचं वाटतंय." मग विचारलं, "कॉम्प्युटरच्या क्लासला एकटीच जातीस का गं रोज? हायवे जपून वलांडत जा." एवढंच. आई म्हणते, आवाजात नुसती माया होती. तेव्हापासून आई जेवलेली नाही. "तू मोठा हायेस, तुझं ऐकंल ती. बंद कर म्हणावं. गाडीभाडं टाक, मी तिला कळवणला मावशीकडं धाडते, पोरांची शाळा उघडेपर्यंत." मग तिनं फोन बहिणीकडं दिला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "दादा, शेवटची ओळ वाचलीस का? मी एक शब्द बदलला नाय, सगळी त्या पोराचीच हाय."

तेव्हापासून विचार करतोय. बंद कर म्हणालो तर ती करेल, आणि मग मला फोटो पाठवणार नाही, बहुतेक कधीच काही पाठवणार नाही. चालू ठेव म्हणालो आणि काही झालं, तर आईसमोर उभं राहायला मला तोंड नाही. म्हणून तिला सांगितलं, कुणी विचारलं तर अक्षर माझं म्हणून सांग. ती म्हणाली, "तू तर तिकडं हायेस." बाई, तुम्ही 'माझं' म्हणालात तेव्हा तो चार हातांवर होता. मी इतक्या लांबून म्हणतोय, त्याला काय लागतं? आणि खरं सांगायचं तर मला घाम फुटलाय, पण पुढच्या रविवारी काय लिहिलं जाणार याचीही मी वाट बघतोय. आईला यातलं दुसरं सांगितलेलं नाही.

पैसे आईच्या नाही, बहिणीच्या नंबरवर टाकतोय. कळवणचं तिकीट काढायचं की पेनं आणायची, ते मी लिहिलं नाही. दोन हजार तीनशे रुपये.