यांना इथे कोणी बोलावलं?

पिंपळपाडे, ता. शहादे, पश्चिम खानदेश
९ ऑगस्ट १९३६

रा. रा. रेवजीभाऊ यांस रतिलालचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही. तुमची बदली वर डोंगरात, अक्राणीत झाल्याला सहा महिने झाले आणि मी आज पहिलं पत्र लिहितोय. त्याचं कारण पुढे येईल, आधी मला राग तरी काढू द्या.

आपल्या हेडमास्तरांनी, चुनीलालांनी, शाळेच्या चार वर्गांची चार संस्थानं करून टाकली आहेत. खडूचा एक डबा होता, त्याचे चार झाले. नकाशा शांतीलालच्या वर्गात टांगलेला, म्हणून माझ्या पोरांनी तापी कुठून वाहते ते बघायचंच नाही. शनिवारी शाळा सुटली की आपण चौघे मास्तर ओट्यावर बसायचो, कोणतं पोर कशात अडलंय ते एकमेकांना सांगायचो आणि सोमवारी त्याप्रमाणे तास बदलून घ्यायचो. ते बंद. 'ज्याचा वर्ग त्याने सांभाळावा,' म्हणे. याच माणसाने दोन वर्षं त्या ओट्यावर आपल्याबरोबर चहा प्यायला. लाज कशी वाटत नाही यांना?

शांतीलाल गिरवून घ्यायला येत नाही, त्यामुळे माझ्या पोरांची अक्षरं बघवत नाहीत. मी जात नाही, त्यामुळे त्याच्या पोरांचं गणित बुडालं. तिसरीवर तुमच्या जागी आलेला मास्तर तर कुणाशी बोलतच नाही.

आणि बिगारीत, पहिलीच्याही आधीच्या माझ्या वर्गात, मी एकटाच बोलतो. सकाळचा पहिला तास तुम्ही यायचात, डोंगरातून उतरलेल्या पोरांना त्यांच्या बोलीत सांगायचात, मग मी तेच मराठीत सांगायचो. आता अठरांतली अकरा पोरं गळाली. परवा फुलीबाई आली, तिच्या रमिलाला न्यायला. दारातूनच बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, "मास्तर, मन्ही पोर घर बोलस, आठे मुकी व्हई जास." घरी बोलणारी पोर इथे मुकी होते, हे खरंच आहे. दोन वर्षं तुमच्या शेजारी उभा राहिलो आणि तुमच्या बोलीतले चार शब्द शिकलो नाही. पोरगी आईमागे निघून गेली, पाटी इथेच राहिली.

चुनीलालांवर एवढ्या तावातावाने लिहितोय खरा. पण रेवजीभाऊ, तपासणीच्या दिवशी त्या वर्गात चुनीलाल नव्हते. मी होतो.

शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांनी विचारलं ते पोरांनी फडाफड सांगितलं. साहेब खूश होऊन म्हणाले, "कोणी शिकवलं?" सगळ्यांनी तुमच्याकडे बोट केलं. वेळापत्रकात तुम्ही त्या वेळी तिसरीवर. साहेबांचा चेहरा बदलला. मला म्हणाले, "यांना इथे कोणी बोलावलं?" मी खाली बघून म्हणालो, "ते आपणहून येतात."

तुम्ही ऐकलंत. हातातला खडू फळ्याखाली ठेवून बाहेर गेलात.

शेरेबुकात तुमच्या नावापुढे 'दुसऱ्याच्या वर्गात ढवळाढवळ' आलं आणि माझ्या नावापुढे 'वर्ग उत्तम'. त्याच शेऱ्यावर तुमची बदली झाली आणि त्याच्याच धाकाने चुनीलालांनी वर्ग तोडले. मी माझा शेरा घरी बायकोला सांगितला. नर्मदाने शिरा केला आणि मी तो खाल्ला. असला निर्लज्ज माणूस चुनीलालांना नावं ठेवतोय.

काल शाळा सुटल्यावर मी शेरेबुक मागून घेतलं. त्यात मास्तराने लिहायचं नसतं. चुनीलाल अंगावर आले, तरी लिहिलं: 'बिगारीचा वर्ग रेवजींनी तयार केला. त्यांना मी रोज बोलावत होतो. साहेबांपुढे मी खोटं बोललो.' खाली सही केली, तारीख घातली. दिपोटीसाहेब पंधरवड्यात येतील. माझं काय करायचं ते करोत. तुम्हाला परत पाठवतील, अशी आशा मी दाखवत नाही.

एक मागणं आहे आणि मागायला तोंड नाही. नवं पोर वर्गात आलं की तुम्ही त्याच्याजवळ खाली बसून पहिल्यांदा काय बोलायचात, ते तुमच्या बोलीत लिहून पाठवा. तेवढं पाठ करून मी फुलीबाईच्या घरी जाईन. रमिलाची पाटी मी जपून ठेवली आहे.

तुम्हाला वर्गात बोलावणारा,
रतिलाल